लग्नाचा खर्च कोणी करायचा, आणि तो लिहायचा कोणाच्या नावावर?



'लग्नसमारंभातील वाढता खर्च' हा विषय वैचारिक लेखनाला अधूनमधून येतोच. कधी घटक चाचणीत, कधी निबंध स्पर्धेत. अशा वह्या तपासताना एक गोष्ट सारखी जाणवते. डीजे, फटाके, वाया जाणारं अन्न, कर्जबाजारी बाप हे सगळं बहुतेकांनी लिहिलेलं असतं. शेवटचा परिच्छेद तर सगळ्यांचा एकच: लग्न साधेपणाने करावे व वाचलेला पैसा शिक्षणासाठी वापरावा. चूक काही नाही, गुणही मिळतात. पण खर्च किती होतो यावर दोन पानं भरणारी मुलं हा खर्च करतं कोण, या प्रश्नाला हातच लावत नाहीत.

म्हणून आजचा लेख त्या प्रश्नावर. माझं मत आधीच सांगून टाकतो. लग्नाचा खर्च मोठा असणं हे दुखणं आहेच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं आहे. तो खर्च जातो मुलीच्या आईबापाच्या खिशातून, खाऊन जातात पाहुणे, आणि लिहिला मात्र जातो मुलीच्या नावावर. पुढे कधीतरी तिच्याकडूनच तो वसूलही होतो. हे कसं, ते जरा सविस्तर बघू.

यादीचा कागद

देशावरच्या खेड्यापाड्यांत लग्न जमलं की 'यादी' होते. दोन्हीकडची जाणती माणसं, मामा, चुलते, गावातला एखादा मानकरी सतरंजीवर बसतात. लिहायला बहुधा मास्तरांना बोलावतात, कारण अक्षर चांगलं! कागदाच्या माथ्यावर 'श्री गणेशाय नमः', मधोमध उभी रेघ, एका बाजूला वधूपक्ष, दुसऱ्या बाजूला वरपक्ष. मग एकेक बाब कोणाकडे जाते ते ठरतं.

नवरीचा शालू, मंगळसूत्र, जोडवी वरपक्षाकडे. नवरदेवाचा पोशाख आणि अंगठी वधूपक्षाकडे. पिवळी साडी मामाची. घोडा, बँड, वरात वरपक्षाची. भटजींची दक्षिणा ज्याची त्याने द्यायची. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, त्याला कपडे करायचे ते वरपक्षाने. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली एक माहेरची आणि एक सासरची, असंही आपल्याकडे सांगतात. इथपर्यंत ऐकलं तर वाटणी बरीच समतोल वाटते. दोन घरं, दोन बाजू, प्रत्येकाचा वाटा.

पण यादी पुढे सरकते तशी ती रेघ एका बाजूला कलायला लागते. मांडव किंवा मंगल कार्यालय वधूपक्षाकडे. आचारी, वाढपी, दोन वेळचं जेवण, वऱ्हाडाचा चहा-नाश्ता वधूपक्षाकडे. मग मानपान. विहिणीची साडी, करवल्यांच्या साड्या, सासरकडच्या भावकीला टोपी-टॉवेल, घरच्या जुन्या जावयांचा वेगळा मान. रुखवतात पूर्वी मुलीने केलेलं विणकाम आणि लाडू-करंज्यांची ताटं मांडायचे. आता तिथे कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन उभं असतं, आणि ते कोणी दिलं हे सांगायला वर चिठ्ठीही असते.

सगळीकडे असंच असतं, असं मात्र समजू नका. काही समाजांत लग्न मुलाच्या दारात लागतं आणि जेवण मुलाकडचं असतं. काही ठिकाणी निम्मा-निम्मा खर्च ही जुनीच रीत आहे. आणि काही ठिकाणी 'दोन्ही अंगांनी लग्न' असा शब्दप्रयोग ऐकू येतो. त्याचा अर्थ, दोन्हीकडचा खर्च मुलीच्या बापाने उचलायचा. तो शब्द उच्चारताना वरपक्षाच्या चेहऱ्यावर संकोच दिसत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

कागदावर शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या होतात. नवरीची सही त्यावर नसते. बहुतेक वेळा नवरदेवाचीही नसते.

आता सुशिक्षित घरांतली एक पद्धत. तिथे यादी-बिदी नाही म्हणतात. 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या', एवढंच वाक्य. ऐकायला किती गोड! पण त्याला पुढे शेपूट असतं: 'फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या. आमची चारशे माणसं येतील, आमच्याकडे असं असतं.' हुंडाबंदीचा कायदा १ जुलै १९६१ पासून लागू आहे. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा. कमीत कमी पाच वर्षांचा तुरुंगवास, आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याची रक्कम यांतलं जे जास्त असेल, किमान तेवढा दंड. त्यामुळे रोख मागायला लोक कचरतात. मग तीच मागणी जेवणावळीचं रूप घेते. चारशे माणसांचं जेवण 'हुंडा' म्हणून सिद्ध करायला कोण कोर्टात जाणार?

गणिताच्या तासाला सोडवावं असं एक उदाहरण

आकडे मी हिशोबापुरते धरतो. तुमच्या तालुक्यात वेगळे असतील, बदलून घ्या.

समजा एका लग्नात मुलीकडच्यांचे ६,००,००० रुपये खर्च झाले. कार्यालय आणि मांडव ९०,०००. जेवण ६०० पानं, पानाला २५० रुपये, म्हणजे १,५०,०००. मानपान आणि आहेराचे कपडे ६०,०००. जावयाची अंगठी आणि पोशाख ५०,०००. भांडी, कपाट, फ्रीज ८०,०००. फोटो, गाडी, पत्रिका, किरकोळ ३०,०००. मुलीच्या अंगावरचं सोनं १,४०,०००. बेरीज करून बघा.

आता प्रश्न असा: यातलं मुलीचं काय? जेवण पाहुण्यांनी खाल्लं. साड्या विहिणी-करवल्यांच्या कपाटात गेल्या. अंगठी जावयाच्या बोटात. फ्रीज सासरच्या स्वयंपाकघरात, तो तिचा म्हणायचा की घराचा हे ज्याचं त्याने ठरवावं. खात्रीने तिचं म्हणावं असं सोनं तेवढं राहिलं. सहा लाखांतले एक लाख चाळीस हजार, म्हणजे शेकडा सव्वातेवीसच्या आसपास. तेही सासूबाईंच्या कपाटात 'सांभाळायला' गेलं नाही तर!

पण गावात वाक्य काय फिरतं? 'पोरीच्या लग्नात सहा लाख घातले.' म्हणजे खातं मुलीचं. तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

वीस वर्षांनंतरची सही

वडील वारले की वारसनोंद होते. फेरफार निघतो, सातबाऱ्यावर भावांसोबत बहिणींची नावं चढतात. मग एक दिवस भावाचा फोन येतो, 'ताई, तहसीलला जरा सहीला ये.' ती सही हक्कसोडपत्रावर असते. बहीण थोडी जरी घुटमळली, तरी घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'तुझ्या लग्नात केलं की सगळं!' बहीण सही करते. तिला जमीन नको असते असं नाही. रक्षाबंधनाला आणि भाऊबीजेला यायला दार उघडं राहावं, म्हणून ती सही करते. मग तिला एक साडी नेसवून पाठवणी होते.

हा नुसता घरगुती हिशोब आहे असं समजू नका. कायद्यानेही तो एके काळी मान्य केला होता. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. मोठं पाऊल होतं, त्याचं कौतुक केलंच पाहिजे. पण त्यात एक अट होती. कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालं होतं, तिला हा हक्क नव्हता. लग्न झालं, तिचं खातं संपलं! पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात ही लग्नाची रेघ राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

जुन्या लोकांचं एक म्हणणं असायचं, आणि त्यांच्या काळापुरतं त्यात थोडं तथ्यही होतं. ते म्हणायचे, मुलीला शेतात वाटा नाही, मग निदान लग्नात तरी चार गोष्टी देऊ. ठीक आहे. पण आता शेतात वाटा आहे. तरी लग्नातलं 'देणं' सुटलं नाही, आणि ते दाखवून वाटा मात्र सोडवून घेतला जातो. तिच्या अंगावर आलेले एक लाख चाळीस हजार, हिशोबात धरलेले सहा लाख, आणि सोडलेला एकराचा वाटा. व्यवहार म्हणून बघितलं तर इतका खोटा हिशोब वाण्याच्या दुकानातही कोणी चालवून घेणार नाही.

'पूर्वापार' म्हणजे नक्की कधीपासून?

मुलीच्या बापानेच लग्न करून द्यायचं ही आपली परंपरा आहे, असं कोणी सांगितलं की मी विचारतो, कोणाची? भिल्ल, पावरा, वारली समाजांत देज देण्याची रीत आहे. देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम किंवा वस्तू. शेतात, घरात राबणारी मुलगी घरातून जाणार, तिच्या कष्टाची किंमत म्हणून ते दिलं जातं. पांढरपेशा घरांतही पैसा उलट्या दिशेने वाहिलेला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला बाप पैशाच्या लोभाने पोरसवदा मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी मुलीचा बाप पैसे घेतो हा नाटकाचा विषय होता. आज तोच बाप पैसे देतो.

देज बरी आणि हुंडा वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. डहाणू-तलासरी भागात वारली तरुणाला लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावं लागे. ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. आणि ते फिटत नसे. अशा माणसाला नावच होतं, 'लग्नगडी'. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आलं आहे. १९४५ साली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्यात ही गुलामगिरी मोडण्याची मागणी होती. मोठ्या वर्गातल्या मुलांनी ते पुस्तक जरूर वाचावं.

आणि आजचं बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. त्या वेळची मुलं आता लग्नाच्या वयाची होत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता: लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. आज अनेक गावांत शेती करणाऱ्या मुलाचे आईबाप म्हणतात, 'सगळा खर्च आमचा, मुलगी द्या.' मधे एजंटही आले, फसवणुकीच्या तक्रारीही आल्या. त्याच गावात नोकरीवाला मुलगा असेल तर मात्र अजून 'दोन्ही अंगांनी' मागतात.

मग परंपरा राहिली कुठे? ज्याची गरज जास्त त्याने पैसे मोजायचे, एवढाच नियम दिसतो. बाजारात असतो तो.

याउलट एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. अगदी थोडक्या खर्चात, पुरोहिताशिवाय, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. आपण शाळेत शिकवताना त्यातला 'कमी खर्च' तेवढा सांगतो. पण फुल्यांच्या मंगलाष्टकांत नवरी स्त्रीच्या हक्कांची मागणी करते आणि नवरदेव ते देण्याची शपथ घेतो. म्हणजे यादीच्या कागदावर जिची सही नव्हती, तिला त्यांनी मांडवात उभं करून बोलायला लावलं. मला ही गोष्ट खर्च कमी करण्याहून मोठी वाटते.

२०२५ साली पुणे-अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नासाठी आचारसंहिता ठरली. मोजके पाहुणे, डीजे नको, प्री-वेडिंगचं चित्रीकरण नको, हुंडा नको. स्वागतच आहे. पण दोनशे पाहुण्यांचं जेवणही एकट्या मुलीच्या बापानेच घालायचं असेल तर रक्कम उतरली, वाटणी तीच राहिली.

मग वाटणी कशी असावी?

एक आक्षेप हमखास येतो. 'सर, बापाची हौस असते हो! एकुलती एक लेक. तुम्ही कोण अडवणारे?' हौसेला मी अडवत नाही. पण हौस ओळखायची एक सोपी खूण आहे. हौस असते तिथे माणूस 'नको' म्हणू शकतो. सोसायटीचं कर्ज अंगावर असताना, उसाचं बिल यायच्या आधी जो बाप पतसंस्थेत जामीनदार शोधत फिरतो, त्याला 'नको' म्हणायची सोय असते का? आणि हौसच असेल तर ती मुलाच्या बापाला का नसावी? त्याच्याही घरी लग्नच आहे.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे. लोक म्हणतात, निम्मा खर्च म्हटला की वादही वाढतात. पाहुणे त्यांचे जास्त, खर्च निम्मा आमच्या माथी. बरोबर आहे. म्हणून सरसकट निम्म्यापेक्षा मला दुसरी रीत पटते, आणि अलीकडे काही लग्नांत ती चालतेही. ज्याचे पाहुणे, त्याची पानं. वरच्या उदाहरणात ६०० पानांपैकी ४०० वरपक्षाची असतील तर १,००,००० त्यांचे, ५०,००० वधूपक्षाचे. कार्यालय दोघांना सारखंच लागतं, ते निम्मं-निम्मं. कपडे ज्याचे त्याने घ्यावेत. मानपान दोन्हीकडून सारखा किंवा दोन्हीकडून बंद. हा नियम लागला की एक गंमत होते. 'आमची चारशे माणसं' म्हणणारे घरी जाऊन पुन्हा यादी करतात आणि आकडा आपोआप खाली येतो.

नवरा-नवरी दोघं कमावते असतील तर त्यांनीच खर्च करावा, हे तर उत्तमच. पण तिथेही बघावं लागतं. दोघांनी कर्ज काढलं, आणि लग्नानंतर हप्ता फक्त तिच्या पगारातून कापला जातोय, असं व्हायला नको. पगार दोन, तर हप्तेही दोन. ज्यांना समारंभच नको, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, नोंदणी कार्यालय, झालं लग्न. घरचे रुसतात, पण तो भाग वेगळा.

आता यादीबद्दल शेवटचं. यादी करू नका असं मी म्हणत नाही, उलट नीट करा म्हणतो. कायद्यालाही यादी हवी आहे, हे किती जणांना माहीत असतं? लग्नात न मागता मिळालेल्या भेटवस्तूंच्या याद्या ठेवण्याचे नियम केंद्र सरकारने १९८५ साली केले. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीने ठेवायची, नवरदेवाला मिळालेल्यांची नवरदेवाने. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि तो नातेवाईक असेल तर नातं लिहायचं. खाली दोघांच्याही सह्या. आपल्या सतरंजीवरच्या यादीत जिची सही घेत नाहीत, तिची सही सरकार मागतं! याच कायद्यात असंही आहे की हुंडा म्हणून कोणी काही घेतलंच असेल, तर ते तीन महिन्यांच्या आत त्या मुलीच्या नावे करून द्यावं लागतं. मुस्लिम समाजातला मेहेर या कायद्याने हुंड्यातून वेगळा काढला आहे, कारण तो नवऱ्याकडून थेट बायकोला मिळणारा तिचा हक्क असतो.

भेटवस्तूंच्या या दोन याद्या कराव्यात आणि प्रत्येकीची एक झेरॉक्स तिच्याकडे असावी. सोबत आणखी एक साधा कागद करावा, आणि तो मुलीच्या घरातल्या घरात, भावांसमोर. लग्नात घरच्यांनी जो खर्च केला त्यातलं पाहुण्यांवर काय गेलं, सासरच्यांवर काय गेलं, आणि तिच्या हाती काय आलं. तीन रकाने, तीन बेरजा. खाली तारीख आणि भावांच्या सह्या. पुढे कधी 'तहसीलला सहीला ये' असा फोन आला, तर तिने तो कागद पिशवीत घालून न्यावा.

आहेराच्या पाकिटांची वही तेवढी राहिली. मांडवात कोणीतरी चुलतभाऊ ती लिहीत बसतो, एकशे एक, पाचशे एक. संध्याकाळी ती रक्कम मोजून बहुधा कार्यालयाच्या आणि आचाऱ्याच्या बिलात जाते, आणि वही वडिलांच्या ट्रंकेत. परतफेडीचे आहेर मात्र पुढे वर्षानुवर्षं चालतात. ती वही कोणाकडे राहणार आणि परतफेड कोण करणार, हेही यादीच्या दिवशीच विचारून घ्यावं.